चुकलेल्या पत्त्यांचं खातं

वैनगंगेपासून खाली गोदावरीपर्यंतच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, सोसायट्यांनी मिळून एक संघ काढला होता. त्याचं कार्यालय ब्रह्मपुरीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, एका कृषी केंद्राच्या माडीवर होतं. खाली युरियाचा वास आणि वर सुकटीचा. प्रेमिला उंदिरवाडे ह्या दोन वासांच्या मध्ये बसून संघाचं सगळं काम पाहायची. तलावांच्या लिलावाचे अर्ज, मत्स्यबीजाची मागणी, सभांची पत्रं, सगळं तिच्याकडे. बी.कॉम. झालेली, लग्नाचा विषय स्वतःच बंद करून टाकलेली, आईसोबत राहणारी बाई. संघात यायच्या आधी तिनं कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये दोन वर्षं शिकवलं होतं, त्यामुळे मशीनची भीती नव्हती.

२००४ च्या दिवाळीनंतर संघाची वेबसाईट झाली. नागपूरच्या एका छोट्या कंपनीनं ती करून दिली आणि तिच्यासोबत संघाच्या स्वतःच्या नावाचे ईमेलचे पत्तेही आले. अध्यक्ष बापूराव दिघोरे ह्यांना साईटपेक्षा ह्या पत्त्यांचंच अप्रूप जास्त. साठी उलटलेला माणूस, आयुष्य तळ्यात गेलेलं, पण नवं काही आलं की आधी हात घालून पाहणारा.

"म्हनजे आपल्या नावाचं पोस्ट ऑफिसच झालं म्हना ना, बाई."

"तसंच समजा, भाऊ. पण पेट्या आपल्याला बसवाव्या लागतील."

नागपूरच्या कंपनीत अमर नावाचा मुलगा होता. तो म्हणाला होता, खाती मीच उघडून देतो. प्रेमिलानं नको सांगितलं. उद्या हा फोन उचलेनासा झाला तर आपण कुठे जाणार? तिनं साईटच्या कंट्रोल पॅनलचा पासवर्ड मागून घेतला आणि एकेक खातं उघडत गेली. नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, सिरोंचा, प्रत्येक सोसायटीचं एक. एक अध्यक्षांचं. एक कार्यालयाचं, 'karyalay' ह्या नावाचं.

खाती उघडणं सोपं होतं. कॉम्प्युटरवरच्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये ती बसवताना मात्र तिचा घाम निघाला. येणाऱ्या मेलचा सर्व्हर टाकला, जाणाऱ्याचा टाकला, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा पासवर्डच विचारत राहिला. तिनं पासवर्ड बदलला, छोटा केला, कागदावर लिहून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. शेवटी अमरला फोन केला.

"मॅडम, युजरनेममध्ये काय टाकलं?"

"कार्यालय."

"नुसतं कार्यालय नाही चालत. पूर्ण पत्ता टाका, मागच्या डोमेनसकट. एका सर्व्हरवर अशी किती कार्यालयं असतात."

तिनं पूर्ण पत्ता टाकला आणि प्रोग्रॅम गुपचूप आत गेला. इतका वेळ ती बिचाऱ्या पासवर्डला शिव्या देत होती. मग तिनं कार्यालयाच्या खात्यातून अध्यक्षांच्या खात्यावर एक ओळ पाठवली. पलीकडच्या टेबलावर दुसरा कॉम्प्युटर होता. त्याच्यासमोर बापूराव हात मांडीवर ठेवून बसले होते. फोनची तार एकच. ती ह्या मशीनची काढून त्या मशीनला लावली, मोडेमनं किंचाळून घेतलं आणि थोड्या वेळानं पडद्यावर ओळ उमटली: 'बापूराव भाऊंना संघाचा जयभीम आणि रामराम.'

"कुठून आला हा?"

"ह्या टेबलावरून त्या टेबलावर. मधे अमेरिकेत जाऊन आला. सर्व्हर तिकडे आहे."

"चार हातावर यायले अमेरिकेले काऊन जाऊन राह्यला तो?" बापूराव म्हणाले आणि मग स्वतःच इतके हसले की खालून कृषी केंद्राचा मालक वर डोकावून गेला.

डिसेंबरात संघानं चार जणांना तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पाठवलं. कडलूरच्या पुढे एक संस्था होती. मासे जमिनीवर न टाकता मांडवावर जाळीत कसे वाळवायचे, पाकिटात कसे भरायचे, हे ती शिकवायची. चौघांची निवड बापूरावांनी केली. इस्तारी हा त्यांतला वडीलधारा, पंचेचाळिशीचा, तळ्याचा तळ पायानं ओळखणारा. झिंगू आणि मुखरू मधल्या वयाचे. प्रफुल सगळ्यात तरुण, बारावी झालेला, नुकतंच लग्न झालेलं. त्याला प्रेमिलानं कार्यालयाच्या मेलचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला.

इस्तारी जायला तयार नव्हता. "मले काय शिकवतीन ते? मी जल्मापासून मासे वाळवून राह्यलो." बापूराव त्याच्या घरी जाऊन बसले, चहा पिऊन उठले तेव्हा तो कबूल झाला होता. बल्लारशाच्या स्टेशनवरून चौघं मद्रासच्या गाडीत चढले.

त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रेमिला राजुऱ्याला बहिणीकडे बारशाला गेली होती. परतीच्या बसमध्ये चंद्रपूरला एक माणूस चढला, तो म्हणाला, मद्रासकडे समुद्र गावात शिरला, टीव्हीवर दाखवून राह्यले. कोणाला नीट काही माहीत नव्हतं. मूल गावाच्या पुढे जंगल लागलं आणि बसमध्ये अंधार झाला. ब्रह्मपुरीला उतरल्या उतरल्या प्रेमिला एसटीडी बूथवर गेली. संस्थेचा नंबर लागत नव्हता. त्या मार्गावरच्या सर्व लाईन व्यस्त आहेत, असं एक बाई तीन भाषांत सांगत होती.

सोमवारी सकाळी ती कार्यालयात पोचली तेव्हा जिन्याच्या पायऱ्यांवर तिघं बसले होते. बापूराव, इस्तारीची बायको बायनाबाई, आणि प्रफुलची बायको रिना. पहिल्याच जीपनं आले होते. बायनाबाईनं घरच्या लुगड्यावरच शाल गुंडाळली होती. रिनाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत डबा होता, कोणासाठी बांधला ते तिलाही सांगता आलं नसतं.

"फोन आला का व बाई?" बायनाबाईनं विचारलं.

"काल कार्यालय बंद होतं, काकू. आता लावते."

तिनं लावला. पुन्हा लावला. मग संस्थेच्या चेन्नईतल्या ऑफिसचा नंबर सापडला, तो मात्र लागला. तिकडची बाई थकलेल्या आवाजात हिंदी-इंग्रजीत बोलत होती. किनाऱ्यावरचं केंद्र पाण्यात गेलं होतं. माणसं आतल्या गावांमध्ये, शाळांमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये पांगली होती. नावांची यादी अजून झाली नव्हती. पण काल संध्याकाळी महाराष्ट्राच्या गटातल्या कोणीतरी तिला फोन केला होता. त्यानं सांगितलं होतं की आम्ही आमच्या संघाला मेल टाकला आहे.

"कोण? नाव काय त्याचं? किती जण आहेत?" प्रेमिलानं विचारलं.

नाव तिनं लिहून घेतलं नव्हतं. फोन कट झाला होता. मेलमध्ये असेल ना सगळं, ती म्हणाली. तुम्ही मेल पाहिला नाही का?

प्रेमिलानं फोन ठेवला आणि तिघांना जसंच्या तसं सांगितलं. कोणीतरी जिवंत होतं. कोण आणि किती, ते मेलमध्ये होतं. बापूराव उठून गॅलरीत गेले आणि कठडा धरून उभे राहिले.

"म्याच धाडलं ना त्याईले," ते रस्त्याकडे पाहून म्हणाले. "इस्तारी तं नाई म्हनत होता."

प्रेमिला टेबलाकडे वळली.

फोनची तार काढून मोडेमला लावली. इथे एक अडचण होती आणि ती प्रेमिलाला पहिल्याच क्षणी कळली होती. लाईन एकच. मेल पाहायचा तर फोन एंगेज. फोन मोकळा ठेवायचा तर मेल दिसणार नाही. चौघांपैकी कोणी बूथच्या रांगेत उभं राहून हाच नंबर फिरवत असेल, आणि इकडे आपण लाईन अडवून बसलो असू. पण मेल तर आलेला आहे, असं चेन्नईची बाई म्हणाली. आलेलं आधी पाहू.

कार्यालयाचं खातं उघडलं. नागभीडच्या सोसायटीचं मत्स्यबीजाबद्दलचं एक पत्र होतं. दुसरं काही नाही. तिनं अध्यक्षांचं खातं पाहिलं, रिकामं. आरमोरी, सिंदेवाही, सिरोंचा, सगळ्यांचे पासवर्ड तिच्याकडेच होते. कशातच काही नाही. तिनं लाईन सोडली, फोन जोडला, थोडा वेळ वाट पाहिली. फोन वाजला नाही. पुन्हा लाईन जोडली. पुन्हा तेच.

"नाई आला?" रिनानं मागून विचारलं.

"इथे नाही आला," प्रेमिला म्हणाली आणि बोलता बोलता थांबली. इथे नाही आला. मग कुठे आला?

चिठ्ठी प्रफुलच्या बॅगेत असणार आणि बॅग जिथे होती तिथे आता समुद्र होता. म्हणजे ज्यानं कोणी मेल पाठवला त्यानं पत्ता आठवून टाकला असणार. मागचा भाग संघाचंच नाव, तो चुकायचा नाही. पुढचा, 'कार्यालय'. इंग्रजीत ते कसं लिहावं? शेवटी एक 'ए' लावला तर? वाय ऐवजी आय घातला तर? मराठी माणूस इंग्रजी अक्षरांत आपलं नाव दोनदा सारखं लिहीत नाही, आणि हा तर जीव वाचवून आलेला.

तिनं लाईन सोडून नागपूरला फोन लावला.

"अमर, माझं ऐक. आमच्या डोमेनवर कोणी चुकीच्या नावानं मेल टाकला, असं नाव की ज्याचं खातंच नाही, तर तो मेल परत जातो का?"

"सेटिंगवर आहे, मॅडम. काहींचा परत जातो. तुमचा..." की-बोर्ड वाजला. "तुमचा परत नाही जात. तुमचं सेटिंग जसं आलं तसंच आहे. म्हणजे चुकलेला मेल साईटच्या मुख्य खात्यात पडतो."

"मुख्य खातं कोणतं? मी तर असं खातं उघडलंच नाही."

"ते आपोआपच असतं. कंट्रोल पॅनलचं जे युजरनेम आहे तेच त्याचं नाव, तोच पासवर्ड. कोणी उघडत नाही हो त्याला. सगळा कचरा असतो त्यात." मग त्याच्या आवाजात बदल झाला. "काय झालं, मॅडम?"

तिनं दोन वाक्यांत सांगितलं. अमर म्हणाला, "ठेवा फोन. आत्ताच्या आत्ता बघा. ह्याच्यात मात्र नुसतं युजरनेम टाका, मागे डोमेन नाही."

प्रोग्रॅममध्ये नवं खातं जोडताना प्रेमिलाची बोटं दोनदा चुकली. मोडेम किंचाळला, शांत झाला. पडद्यावर पट्टी सरकू लागली. सहाशेच्या वर मेल होते. नोव्हेंबरपासून कोणीही न उघडलेली पेटी. घड्याळं, गोळ्या, कर्ज, लॉटरी, जगभरातल्या लबाडांनी कुठलंही नाव घालून ह्या मच्छीमारांच्या संघाला पाठवलेला इंग्रजी कचरा एकेक करून वरून खाली उतरत होता, आणि फोनच्या त्या बारीक तारेतून तो यायला जीव खाणारा वेळ लागत होता. रिना प्रेमिलाच्या खुर्चीमागे उभी होती. तिची दहावी झाली होती. ती ओठ हलवत प्रत्येक नाव वाचत होती.

"ताई, थांबा. ते पाहा. प्रफुल."

खालून दुसऱ्या ओळीत त्याचं नाव होतं. प्रेमिलानं ती ओळ उघडली. इंग्रजी अक्षरांत मराठी होतं, कुठे जागा न सोडता धडाधड टाईप केलेलं. दोघींनी एकदमच वाचलं.

'म्याडम आमी तिघं ठीक हावो. मी झिंगू मुखरू. समुद्र सकाळी आत आला. इस्तारी काका किनाऱ्यावर गेले होते ते सापडले नाई. शोधून राह्यलो. आपिसचा फोन कोनी उचलून नाई राह्यला. घरी सांगा.'

रिनाच्या तोंडून एक श्वास सुटला आणि अर्ध्यातच थांबला. तिचा नवरा होता. बायनाबाईचा नव्हता. रिनानं दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली आणि खाली मान घातली. स्वतःचं सुख तिला त्या खोलीत कुठे ठेवावं ते कळेना.

बायनाबाई भिंतीपाशी बाकावर बसली होती. तिनं दोघींकडे पाहिलं.

"मोठ्यानं वाच."

रिनाला वाचता येईना. प्रेमिलानं खुर्ची वळवली, बायनाबाईकडे तोंड केलं आणि सगळं वाचून दाखवलं, एक शब्दही न गाळता. गाळावं असं एकदा मनात आलं होतं. पण ही बाई पहाटे उठून जीपनं इतकी दूर आली होती ती खरं ऐकायला.

बापूराव दारात येऊन उभे राहिले होते.

बायनाबाई बाकावरून पुढे सरकली. मग तिनं विचारलं, "सापडले नाई असं लिवलं ना? गेले असं तं नाई लिवलं?"

"नाही, काकू. सापडले नाहीत एवढंच."

"हे कधीचं हाय?"

प्रेमिलानं वेळ पाहिली. "कालचं. संध्याकाळचं."

"मंग आजचं पाह्य."

आणि त्याच वेळी लाईन तुटली. पट्टी जिथे होती तिथे थांबली, आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी दिलगिरी आली. प्रेमिलानं पुन्हा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. लागला, आणि प्रोग्रॅमनं सगळं पुन्हा पहिल्यापासून उतरवायला सुरुवात केली. तीच घड्याळं, त्याच गोळ्या. अर्धवट तुटलं की ह्याला मागचं काही आठवत नाही, हे तिला माहीत होतं, पण आज ते पाहून तिला रडू फुटायचं बाकी राहिलं.

मग तिनं प्रोग्रॅमच बंद केला. हे आधीच सुचायला हवं होतं. पेटी घरी आणायची गरजच काय? पेटी आहे तिथेच जाऊन झाकण उघडावं. तिनं ब्राउझर उघडला, साईटच्या वेबमेलचं पान मागवलं. पान हळूहळू वरून खाली रंगत आलं. नाव, पासवर्ड. आत गेल्यावर सगळ्यात नवीन मेल सगळ्यात वर होता, आणि त्याच्यासमोर नाव होतं प्रफुलचं. आज सकाळचा.

ह्या वेळी तिनं मनात वाचलं नाही. अक्षरं येतील तशी ती मोठ्यानं म्हणत गेली.

"इस्तारी काका सापडले."

बायनाबाई उभी राहिली.

"पान्यानं त्याईले दूर नेलं होतं. तिथल्या एका बाईनं दोर टाकून गच्चीवर घेतलं. रातभर एका शाळेत होते. पाय कापला, टाके पडले, बाकी ठीक. चौघंई ठीक हावो. सकाळपासून आपिसात फोन लावून राह्यलो, एंगेजच येऊन राह्यला. कोनाशी बोलून राह्यल्या म्याडम तुमी?"

पहिल्यांदा हसले बापूराव. ते हसणं नव्हतंच खरं तर, आतलं काहीतरी सुटून बाहेर पडत होतं. ते दाराच्या चौकटीला टेकून खाली बसले आणि धोतराच्या सोग्यात तोंड घालून हसत-रडत राहिले. रिना जाऊन बायनाबाईच्या गळ्यात पडली. आता तिला रडता येत होतं. बायनाबाई तिच्या पाठीवर हात फिरवत प्रेमिलाला म्हणाली, "अजून एकदा वाच व बाई. ते दोरावालं."

प्रेमिलानं पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. मग तिच्या एकदम लक्षात आलं आणि तिनं घाईघाईनं लाईन सोडून तार फोनला लावली.

तार लावून हात काढते न काढते तोच फोन वाजला.

"म्याडम!" पलीकडे प्रफुल ओरडत होता, मागे रांगेतली माणसं तमिळमध्ये गलका करत होती. "किती वेळचा लावून राह्यलो मी! थांबा, काका हायेत इथी. काकाले देतो."

प्रेमिलानं रिसीव्हर बायनाबाईच्या हातात दिला. तिनं तो कानाला लावला.

"जेवले का?" तिनं विचारलं. मग, "पाय कसा हाय?" मग ऐकून घेतलं, आणि आवाज चढला. "किनाऱ्यावर कायले गेले होते पन तुमी? अं? समुद्र पाहाले? घरी इतकं पानी पाहून पोट नाई भरलं तुमचं?"

तिकडून काय उत्तर आलं कोणाला कळलं नाही. पण ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. सकाळपासून आपण पाणीही प्यायलेलं नाही, हे प्रेमिलाला तेव्हा आठवलं. रिनानं डबा उघडला. वालाची भाजी आणि तांदळाच्या भाकरी होत्या. चौघांनी त्या टेबलावर, कॉम्प्युटर बाजूला सरकवून खाल्ल्या.

झिंगू आणि मुखरूच्या गावी सांगायला बापूराव जीपनं निघाले. जीपवाल्यानं भाडं घेतलं नाही, आणि वाटेत जो भेटेल त्याला बापूराव चालत्या जीपमधून ओरडून सांगत गेले की चौघंही आहेत. ज्यांना कोण चौघं हे माहीत नव्हतं त्यांनीही हात हलवले.

त्या दुपारी प्रेमिलानं एक काम केलं. चुकलेल्या पत्त्यांचे सगळे मेल कार्यालयाच्या खात्यात यावेत असं सेटिंग तिनं बदललं. अमर म्हणाला, मॅडम, कचऱ्यानं भरून जाईल. ती म्हणाली, भरू दे. मी निवडत बसेन.

आठवड्याभरानं चौघं आले. बल्लारशाला त्यांना घ्यायला बापूराव, बायनाबाई, रिना आणि प्रेमिला गेले. गाडी उशिरा आली. इस्तारी प्रफुलच्या खांद्यावर हात ठेवून उतरला. एका पायात चप्पल, दुसऱ्याला पट्टी, अंगात कोणाचा तरी मोठ्ठा शर्ट. बापूराव पुढे झाले आणि काही बोलणार, तोच इस्तारी म्हणाला, "भाऊ, ते मासे वाळवाचं शिकलो बरं का. दोन दिवस शिकलो तेवढं तं आलं. मांडवावर टाकलं का रेती लागत नाई." बापूरावांनी त्याला मिठी मारली, ती बराच वेळ सोडली नाही. शेवटी बायनाबाई म्हणाली, "टाके तुटतीन ना, भाऊ."

चहाच्या टपरीवर त्यानं त्या बाईची गोष्ट सांगितली. तिचं नाव त्याला उच्चारता येत नव्हतं. तीही मासे विकणारीच. तिचं घर गेलं, होडी गेली. दोर टाकताना ती तमिळमध्ये शिव्या देत होती, असं इस्तारीला वाटलं. "माही बायको देते तश्याच," तो म्हणाला. "म्हनून दोर सोडला नाई मी."

पुढच्या सभेत संघानं ठरवलं की तिकडे जाळी पाठवायची. प्रत्येक सोसायटीला प्रेमिलानं मेल टाकला. आरमोरीहून लगेच उत्तर आलं. सिरोंच्याहून तेलुगू वळणाच्या मराठीत भलंमोठं पत्र आलं, की गोदावरीवाले स्वतः विणून देतील. ज्या सोसायट्यांनी आजवर आपला पासवर्डही विचारला नव्हता त्या आता तिला बोलवू लागल्या, आमच्या इथे येऊन बसवून द्या म्हणून.

माघात ती इस्तारीच्या गावी गेली ते ह्याच कामाला. ग्रामपंचायतीच्या खोलीत जुना कॉम्प्युटर होता आणि फोन चालू होता. तिनं प्रोग्रॅम उघडला, दोन्ही सर्व्हर टाकले, युजरनेममध्ये पूर्ण पत्ता टाकला. प्रफुल शेजारी बसून शिकत होता. खिडकीतून तलाव दिसत होता, आणि तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, बायनाबाई बसली होती.

"काकू तिथे काय करून राह्यल्या?" प्रेमिलानं विचारलं.

"आज काका पान्यात उतरून राह्यले," प्रफुल म्हणाला. "आल्यापासून पयल्यांदाच. इतके दिवस पाळीवरूनच माघारी यायचे."

प्रेमिला उठून खिडकीशी गेली. इस्तारी गुडघाभर पाण्यात जाळं खांद्यावर घेऊन उभा होता. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मग त्यानं एक पाऊल टाकलं, मग दुसरं, पायानं तळ चाचपत. पाणी कमरेला लागलं तेव्हा तो थांबला आणि मागे वळून पाहिलं. पाळीवरच्या गवताची एक काडी उपटून बायनाबाईनं दातात धरली आणि बसून राहिली.

त्यानं जाळं फेकलं. ते पाण्यावर गोल उघडलं आणि खाली गेलं.

"म्याडम," प्रफुल आतून म्हणाला, "हा पासवर्ड मागून राह्यला."

"आले," ती म्हणाली, पण इस्तारी जाळं ओढेपर्यंत ती खिडकीतच उभी होती.